कुंडलिकेला जायचंय? आधी पाण्याची चौकशी करा

“मामी, तुमच्याकडे एवढ्या नद्या आहेत, मग तुम्ही एकदाही राफ्टिंग कसं केलं नाही?” दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीहून आलेल्या माझ्या भाचीनं विचारलं आणि चकलीचा सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला.

आता तुम्हीच सांगा मैत्रिणींनो, काय उत्तर द्यायचं? पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी, आमचं घर. गांधारी आणि काळ या नद्या इथून महाडकडे उतरतात आणि सावित्रीला मिळतात. पण आमच्या घरात नदी म्हटलं की मौज आठवत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्यात बुडालं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘पाणी’ या विषयावर निबंध घातला तर निम्म्या वह्यांत पूरच असतो!

सासूबाईंचं माहेर महाडचं, नदीकाठचं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, “सावित्रीत मगरी आहेत, पोरांना सांग.” आणि खोटं नाही हो ते, महाडच्या पात्रात मगरी आहेतच. शिवाय पाऊस संपला की आमच्या नद्या बघता बघता रोडावतात. म्हणजे पाणी असतं तेव्हा जाण्यासारखं नसतं, आणि जाण्यासारखं असतं तेव्हा पाणी नसतं.

तरीही नुसतं ‘नाही’ म्हणून विषय मिटवणं मला पटेना. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आज आपण नको म्हटलं तर दोन वर्षांनी तो मित्रांबरोबर न सांगता जाणार. त्यापेक्षा आपणच नीट चौकशी करून, बरोबर जाऊन आलेलं काय वाईट?

आमच्याच जिल्ह्यात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. महाडहून माणगाव, इंदापूर करत पन्नासएक किलोमीटर. कुंडलिकेची गंमत मला या निमित्तानं कळली. घाटावर पुणे जिल्ह्यात मुळशीचं धरण आहे. ज्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि पुढे सेनापती बापटांनी ज्याचं नेतृत्व केलं, तेच हे धरण. त्याचं पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात आणतात. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. एरवी पूर्वेकडे भीमेला गेलं असतं ते पाणी वीज देऊन मोकळं झालं की कुंडलिकेला मिळतं आणि रोह्यावरून अरबी समुद्राला जातं. सकाळी हे पाणी सोडतात, त्या लोंढ्यावर रबरी तराफे निघतात. म्हणून पावसाळा सरल्यावरही इथे नदी खळाळती असते.

यातच पहिली खबरदारी आली. पाणी सोडण्याचं वेळापत्रक वीजघराचं असतं, आपल्या सहलीचं नव्हे. आदल्या संध्याकाळी फोन करून ‘उद्या पाणी आहे ना, किती वाजता?’ एवढं विचारल्याशिवाय घरातून निघूच नका. आणि सोडलेल्या पाण्याची नदी सांगून वाढत नाही. काठावर डबे उघडून बसलात आणि मुलं मधल्या खडकावर खेळत असली, तर ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं. तराफ्यातल्या माणसाच्या अंगात जॅकेट तरी असतं, काठावरच्याला कुणी विचारत नाही!

पावसाळ्यात या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं. गर्दीही तेव्हाच फार. पण ज्यांची पहिली खेप आहे त्यांनी पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास जावं, असं माझं मत. जगभर खळाळांची प्रत १ ते ६ अशी लावतात. कुंडलिका साधारण २ ते ३ मध्ये बसते. नवख्यांना झेपेल, पण चेष्टेवारी नेण्यासारखी मुळीच नाही.

आता चौकशीचं सांगते. पहिल्यांदा ज्यांच्याकडे आगाऊ पैसे भरले, त्यांना मी विचारलं, “हेल्मेट सगळ्यांना मिळतं ना?” तर म्हणे, “ताई, एवढ्याशा पाण्याला हेल्मेट कशाला?” आमचे हे म्हणाले, “जाऊ दे, पैसे भरलेत.” मी म्हटलं, पैसे बुडाले तर बुडाले, आपल्याला बुडायचं नाही. पैसे बुडालेच! पण त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या ठिकाणी आधी नोंदणी विचारली. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण केलं, त्याप्रमाणे अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. गाईडला प्रथमोपचार येतात का, तराफ्याबरोबर सुटकेसाठी छोटी होडी, म्हणजे कयाक, असते का, फेकायचा दोर असतो का, सगळं विचारलं. जो माणूस या प्रश्नांना कंटाळतो त्याच्या तराफ्यात आपण बसायचं नाही. तिथे वय १४ पूर्ण हवं म्हणाले. माझी धाकटी अकराची. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. “वय वाढवून सांग ना आई” इथपर्यंत मजल गेली. मी बधले नाही. जॅकेट मापाचं नसेल तर त्याचा उपयोग काय?

मापाचं म्हणजे कसं? सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्यानं खांद्यापाशी धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. लाजू नका. मला पोहता येत नाही, तरी गेले, ते या जॅकेटच्या भरवशावर. मात्र गरोदर बायकांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी, हृदयविकार किंवा फिट येणाऱ्यांनी जाऊ नये.

कपडे सुती नकोत. भिजले की जड होतात आणि वाळत नाहीत. ओढणी, साडी अजिबात नको. मी मुलाची ट्रॅक पँट घातली, आणि कुणी हसलं नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरीच ठेवा. चष्म्याला मागून नाडी बांधा. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट, स्लिपर नव्हे. हे धाकटीला घेऊन शेवटच्या टप्प्यावर थांबले होते. कोरडे कपडे, औषधं, थर्मासमधला चहा आणि आम्हा सगळ्यांच्या नावांचा कागद त्यांच्याजवळ.

निघण्याआधी गाईडनं काठावर सगळं करून दाखवलं. वल्ह्याच्या वरच्या आडव्या मुठीवर हात हवाच, नाहीतर ती शेजारणीच्या दातावर बसते. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. आणि पाणी कमरेएवढं दिसलं तरी ओढीत उभं राहायचं नाही. दोन दगडांत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं, मग उठता येत नाही. दोर फेकला तर छातीशी धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. मी भाचीकडून हे दोनदा म्हणून घेतलं. तिनं डोळे फिरवले, पण म्हटलं.

आणखी एक त्यानं सांगितलं, ते मला नवीन होतं. बंधाऱ्यावरून सरळ पडणारं पाणी दिसायला शांत असतं, पण खाली ते गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेल्याला जॅकेट असूनही सोडत नाही. आपल्याकडे तर गावोगाव बंधारे. मुलं तिथेच उड्या मारतात! सुट्टी संपल्यावर वर्गात मी पहिला तास याच विषयावर घेतला.

दहाबारा किलोमीटर, दोनेक तास. तिसऱ्या खळाळाला तराफा असा काही उसळला, की भाची माझ्या मांडीवर आणि मी तळाशी. ओरडले ती मीच, आणि नंतर हसलेही मीच सगळ्यात जास्त. संथ पाण्यात गाईड म्हणाला, “कुणाला उतरायचंय?” मी जॅकेट धरून पाण्यात उतरले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा नदीनं मला उचलून धरलं होतं.

घरी परतलो तेव्हा सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. ओले कपडे दोरीवर टाकेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, “मगर दिसली का गं?”