दोन यहुदी पत्रकार आणि राज्याचा प्रश्न

धर्माचरणाची फारशी आस्था नसलेला व्हिएन्नाचा पत्रकार थिओडोर हर्झल याने १८९६ साली यहुदी राज्याचा मसुदा पुस्तकरूपाने मांडिला आणि पुढल्याच वर्षी बाझल येथे परिषद भरविली; परंतु त्याच्याच मातबर दैनिकाच्या यहुदी चालकांनी या चळवळीस आपल्या स्तंभांत थारा दिला नाही, हे नवलच. याहून विलक्षण वाटचाल नाथान बिर्नबाउमची: या चळवळीची ‘झायोनिझम’ ही संज्ञा रूढ करणारा हा पत्रकार पुढे सनातन धर्मनिष्ठेकडे वळून राजकीय झायोनिझमच्या विरोधी असलेल्या ‘अगुदात इस्रायल’ या संघटनेचा सरचिटणीस झाला. मसीहाच्या आगमनापूर्वी मनुष्याने राज्य उभारणे म्हणजे ईश्वरी संकेताचा अधिक्षेप, अशी अनेक सनातन्यांची दृढ धारणा होती. तथापि इस्रायलच्या १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर याच संघटनेच्या पुढाऱ्याचीही सही आहे.