जकात, दोन टक्के आणि गावाबाहेरच्या कोप्या

यंदाचा रमजान गाळप हंगामाच्या अखेरीस आला आहे. कोडोलीत मगरिबची अजान होते, खजुराची ताटे पुढे सरकतात, आणि त्याच वेळी वारणानगरच्या वाटेवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या घरघरत असतात. दिवसभर फडात राबलेली माणसे कोप्यांकडे परतून चुली पेटवत असतात.

याच महिन्यात अनेक मुस्लिम घरांत वर्षाचा हिशेब मांडला जातो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या किमतीची संपत्ती, देणी वजा जाता, वर्षभर हाताशी राहिली असेल तर तिच्यावर अडीच टक्के जकात. ती दयेपोटी द्यायची नसते. मालदाराच्या मालात गरजूचा तो हकच आहे, अशी यामागची समजूत. शेतमालाचा हिशेब तर आणखी बारीक आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. ज्याने मोटेला बैल जुंपले, त्याच्यावर निम्मा भार.

कंपन्यांनाही आता असा हिशेब मांडावा लागतो. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, असा हा नियम. २०२१ पासून पैसे न खर्चणाऱ्यांना दंडही आहे. आपल्या परिसराला प्राधान्य द्या, असे हा कायदा सांगतो. जकातही आधी जवळच्या गरजूला द्यावी असे फिकहचे जाणकार सांगतात. फरक एवढाच की जकात साठलेल्या संपत्तीवर असते, कंपनीचे दोन टक्के नफ्यावर. शिवाय उजव्या हाताचे डाव्याला कळू नये अशी दानाची शिकवण आहे. इथे मात्र शाळेला चार बाके दिली तरी भिंतीवर फलक आधी लागतो.

वारणेच्या खोऱ्यात ही गोष्ट कायद्याच्या कितीतरी आधी वेगळ्या वाटेने घडली. १९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी इथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी सुरू केली. १९६४ मध्ये महाविद्यालय आले. पुढे दूध संघ, बाजार आणि मुलांचा वाद्यवृंदही. १९९८ मध्ये परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प याच वारणेत सुरू झाला. सहकारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे, त्यामुळे कलम १३५ तिला लागू नाही. सहकारात शाळा-कॉलेजसाठीची रक्कम बहुधा ऊसबिलातूनच टनामागे कापली जाते. सभासद कुरकुरतो, पण त्याचीच पोरे त्या वर्गात बसतात. वाटा आधीच बाजूला काढायचा, ही नेतृत्वाची खरी करामत. नंतर उरले तर देऊ म्हणणाऱ्याकडे कधीच काही उरत नाही.

पण हा वाटा पोचतो सभासदापर्यंत, त्याच्या गावापर्यंत. फडात उतरणारा मजूर सभासद नसतो. बीड, धाराशिव, जत, विजयपूरकडून आलेली जोडपी म्हणजे ‘एक कोयता’. नवरा-बायकोची मजुरी एकत्र मोजली जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फिटत राहते. दिवस बुडाला की खाडा, म्हणून ताप आला तरी बाई फडात उतरते. मूल शाळा सोडून आई-बापामागे येते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण आले खरे, पण तेही किती उशिरा! राज्यात सहकारी कारखानदारी रुजली तेव्हापासून हा मजूर इथेच आहे.

कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. गरीब आणि गरजवंत तर आहेतच. पण कर्जात अडकलेला, बंधनात पडलेला आणि वाटसरूही आहेत. उचल घेतलेल्या, घर सोडून आलेल्या ऊसतोड मजुराकडे पाहिले की यातली किती नावे एकाच माणसाला लागू पडतात! जकात मुस्लिम गरजूलाच द्यावी असे बहुतेक उलेमा मानतात. सदक्याला मात्र धर्माची अट नाही. कारखान्याच्या किंवा कंपनीच्या समितीलाही ही यादी समोर ठेवायला हरकत नसावी. कोणासाठी खर्च करायचा, हा प्रश्न त्यांनाही पडतोच.

हजरत उमर यांची एक गोष्ट रमजानच्या बयानात हमखास सांगितली जाते. रात्री मदिनेबाहेर फिरताना त्यांना वाटेवर उतरलेली एक बाई दिसली. मुलांना भूक लागलेली, चुलीवर भांड्यात नुसते पाणी उकळत होते. खलिफा परत गेले, पिठाचे पोते काढले आणि सेवकाच्या खांद्यावर न देता स्वतः उचलून आणले. गोष्टीत सगळे लक्ष त्या पोत्याकडे जाते. पण ती बाई शहराची रहिवासी नव्हती, मदिनेच्या कुठल्याच मोहल्ल्यात ती मोजली गेली नसती. खलिफा बाहेर पडले म्हणूनच ती दिसली.

कोडोलीच्या शिवारातल्या कोप्या आता एकेक करून मोकळ्या होत आहेत. ईदच्या आसपास बरेच मजूर गावाकडे निघालेले असतील. काहींच्या हिशेबात उचलीची बाकी उरेल, आणि ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवली जाईल.