टीव्हीला आणि गाण्याला छोटे स्पीकर घेताय? ‘दहा हजार वॅट’च्या स्टिकरला भुलू नका

सोयाबीन-कापसाचे चार पैसे हातात आले की घरात मागण्या सुरू होतात. गेल्या काही वर्षांत गावागावात मोठे, पातळ टीव्ही आले. चित्र झकास दिसतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. टीव्ही पातळ झाला म्हणजे त्याच्यातला स्पीकरही बारीक झाला, तोही मागच्या बाजूला किंवा खाली तोंड करून बसवलेला. मालिकेतलं बोलणं म्हाताऱ्या माणसांना कळत नाही, म्हणून आवाज वाढवला तर पार्श्वसंगीतच कानावर आदळतं. मग पोरं म्हणतात, होम थिएटर घ्या.

इथेच पैसे बुडायची शक्यता जास्त असते. आठवडी बाजारात नाहीतर तालुक्याच्या दुकानात लाल-निळे दिवे लागलेला, माणसाच्या कमरेएवढा उंच डबा असतो आणि त्यावर ‘१०,००० वॅट’ लिहिलेलं असतं. दहा हजार रुपये म्हणजे आजच्या भावाने डीएपीच्या सात बॅगा. एवढा पैसा घालायचा तर थोडं समजून घेतलेलं बरं.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकर म्हणजे काय?

जुन्या पद्धतीत स्पीकरचे डबे वेगळे आणि मशीन (अ‍ॅम्प्लिफायर) वेगळं असायचं. त्या डब्यांना पॅसिव्ह स्पीकर म्हणतात. मशीनशिवाय ते वाजत नाहीत. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये मशीन डब्याच्या आतच बसवलेलं असतं. लाईटची पिन लावायची, टीव्हीची किंवा मोबाईलची वायर जोडायची, झालं काम. जागा कमी लागते, वायरींचं जाळं होत नाही आणि कंपनीने स्पीकरला जुळेल असंच मशीन आत दिलेलं असतं. कमी बजेटमध्ये, दहा बाय बाराच्या खोलीसाठी हा प्रकार सोयीचा.

एक तोटा मात्र आहे. मशीन बिघडलं की डबे मुके. जोडीच्या स्पीकरमध्ये बहुतेक वेळा एकाच डब्यात मशीन असतं आणि दुसरा डबा वायरीने त्याला जोडलेला असतो. त्यामुळे वॉरंटी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर या दोन गोष्टी आधी विचारायच्या. तालुक्यातल्या मेकॅनिकने असेंबल केलेलं मशीन बिघडलं तर तोच उघडून आयसी बदलून देतो. कंपनीच्या स्पीकरमधला बारीक पार्टचा बोर्ड सगळ्यांना जमतोच असं नाही.

वॅटचा घोळ

स्पीकरवर दोन प्रकारचे वॅट लिहिलेले असतात. एक आरएमएस आणि दुसरा पीएमपीओ. आरएमएस म्हणजे स्पीकर सलग वाजताना खरोखर देतो ती ताकद. पीएमपीओ म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, एका क्षणापुरता निघेल असा कागदावरचा आकडा. तो मोजायची सगळ्यांना बांधलेली अशी पद्धत नाही, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो छापतो. खरेदी करताना फक्त आरएमएस विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर स्वतः हिशोब करा, सोपा आहे.

डब्याच्या मागे स्टिकर असतं. त्यावर तो लाईट किती घेतो ते लिहिलेलं असतं. समजा ६० वॅट लिहिलंय. जो डबा लाईटच ६० वॅट घेतो, तो सलग ६० वॅटपेक्षा जास्त आवाज देणार कुठून? विहिरीत आहे त्यापेक्षा जास्त पाणी मोटर काढत नाही. स्पीकर अडॅप्टरवर चालणारा असेल तर अडॅप्टरवर बघा. १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट. साध्या यूएसबी पिनवर चालणारा असेल तर ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. मग खोक्यावर काहीही लिहू द्या.

गावाकडच्या असेंबल मशीनमध्ये ‘४४४०’ नावाची आयसी फार चालते. कंपनीच्या कागदाप्रमाणे ती दोन बाजूंना ६-६ वॅट देते, दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९ वॅट. हीच आयसी आत टाकून बाहेर ‘५०० वॅट’ लिहिलेले डबे बाजारात दिसतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. २० वॅटचे ४० केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून घरच्या खोलीला २० ते ४० वॅट आरएमएस भरपूर झाले. लग्नाच्या मांडवाचा हिशोब वेगळा, तो घराला लावू नका.

२.०, २.१ की ५.१?

पहिला आकडा स्पीकर किती आहेत ते सांगतो, टिंबानंतरचा आकडा बेसचा वेगळा डबा म्हणजे सबवूफर आहे की नाही ते.

२.० म्हणजे दोन स्पीकरची जोडी. गाणी, भजन, बातम्या, मालिका यांना सगळ्यात साफ. डाव्या-उजव्या बाजूचे आवाज वेगळे कळतात आणि बोलणं मधून आल्यासारखं वाटतं. यातला मोठा पडदा, म्हणजे वूफर, निदान ४ इंची असावा आणि वर बारीक आवाजासाठी वेगळा छोटा ट्विटर असावा.

२.१ म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि एक बेसचा डबा. सिनेमाला, डीजेच्या गाण्यांना मजा येते. पण स्वस्तातल्या सेटमध्ये बाजूचे स्पीकर अगदीच चिमुकले असतात. मग धडधड ऐकू येते आणि माणसाचा आवाज मधेच हरवतो. टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून घेत असाल तर हे आधी तपासा.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि बेसचा डबा. ऐकायला भारी वाटतं, पण पाच बाजूंचे वेगळे आवाज तसे भरलेले असतील आणि तशा वायरीतून आले तरच उपयोग. मागे फक्त लाल-पांढऱ्या पिनचं एकच इनपुट असलेल्या ५.१ सेटला आवाज मिळतो दोन बाजूंचाच, तो तोच आवाज पाच ठिकाणी वाटून देतो. सहा हजार रुपये पाच स्पीकरमध्ये वाटण्यापेक्षा दोनमध्ये घातले तर माल चांगला येतो.

आधी टीव्हीच्या मागचा फोटो काढा

दुकानात जाण्याआधी मोबाईलवर टीव्हीच्या मागच्या सगळ्या भोकांचा फोटो काढून न्या. हे काम फुकटचं आहे आणि याने निम्मा घोळ मिटतो.

टीव्हीला हेडफोनची गोल पिन किंवा लाल-पांढरं ‘ऑडिओ आऊट’ असेल तर जवळपास कुठलाही अ‍ॅक्टिव्ह स्पीकर चालतो. बऱ्याच नव्या टीव्हींना ही पिनच नसते. तिथे ‘ऑप्टिकल’ नावाचं चौकोनी भोक असतं, त्यातून लाल उजेड येतो. मग स्पीकरला ऑप्टिकल इनपुट पाहिजे, नाहीतर ऑप्टिकलचं लाल-पांढऱ्यात रूपांतर करणारी छोटी डबी वेगळी घ्यावी लागते. तिसरा प्रकार ‘एचडीएमआय एआरसी’. तो साउंडबारला जास्त करून असतो, छोट्या स्पीकरमध्ये कमी.

ऑप्टिकल जोडूनही आवाज आला नाही तर स्पीकर खराब म्हणून लगेच परत करू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड, मग डिजिटल आउटपुट असं जा आणि तिथे ‘पीसीएम’ निवडा. टीव्ही डॉल्बीमध्ये आवाज पाठवत असतो आणि साध्या स्पीकरला ती भाषा कळत नाही, एवढंच असतं.

सेट-टॉप बॉक्सलाही लाल-पांढऱ्या पिना असतात. तिथून वायर घेतली तर चॅनेलचा आवाज स्पीकरवर येईल, पण टीव्हीतल्या यूट्यूबचा येणार नाही. म्हणून वायर टीव्हीतूनच घ्यावी.

ब्लूटूथ असलं तर मोबाईलवरची गाणी वाजवायला सोयीचं. टीव्हीला मात्र वायरच लावा. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. बॅट्समनने फटका मारल्यावर ‘टक्’ नंतर ऐकू येतं.

गावाकडची लाईट

संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि शेजारच्या मोटारी बंद झाल्या की एकदम चढतं. स्पीकरच्या स्टिकरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर तो पडलेलं व्होल्टेज बऱ्यापैकी सहन करतो. फक्त ‘२३० व्होल्ट’ असेल आणि तुमच्याकडे लाईटचा भरवसा नसेल तर टीव्हीच्या स्टॅबिलायझरवरच तोही घ्या. विजा कडाडायला लागल्या की मात्र पिनच काढून ठेवायची.

इन्व्हर्टरवर लावायला अडचण नाही, घरगुती छोटा स्पीकर पंख्याएवढी किंवा त्याहून कमी लाईट घेतो. पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घुंई असा आवाज येऊ शकतो, साइन वेव्हवर येत नाही. लाईट असतानाही घुंई येत असेल तर टीव्ही आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावून बघा, आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग स्पीकरसाठी नाही तरी जिवासाठी पाहिजेच.

बजेट कसं बसवायचं?

दोन हजारांच्या आत यूएसबीवर चालणारे छोटे जोडस्पीकर येतात. उदाहरणार्थ क्रिएटिव्ह पेबल, सुमारे साडेचार वॅटचा. पोरांच्या अभ्यासाच्या टेबलाला, लॅपटॉपला, भजन ऐकायला ठीक. पूर्ण खोली भरणार नाही.

तीन ते पाच हजारांत २.१ सेट भरपूर मिळतात. इथे आरएमएस आणि बोलण्याचा साफपणा या दोनच गोष्टी बघा. दिवे आणि रिमोट नंतर.

आठ-दहा हजार ते तेरा हजारांपर्यंत लाकडी डब्याचे २.० स्पीकर येतात. यात एडिफायरचा आर १२८० टी हा बरेच जण घेतात. त्याला ४ इंची वूफर आणि एकूण ४२ वॅट आरएमएस आहे, पण ब्लूटूथ आणि ऑप्टिकल नाही. त्याच मालिकेतल्या डीबी मॉडेलला दोन्ही आहे, पैसे थोडे जास्त. भाव सणासुदीला खालीवर होतात, त्यामुळे घाई नसेल तर दोन-तीन आठवडे नजर ठेवा. हप्त्यावर घेत असाल तर प्रोसेसिंग फी धरून एकूण किती जातात ते आधी लिहून काढा.

दुकानात ऐकायचं कसं?

आपली रोजची गाणी मोबाईलमध्ये घेऊन जा. दुकानदाराचं धडधडीचं गाणं कुठल्याही डब्यावर चांगलंच वाटतं. पहिल्यांदा बातम्या किंवा कीर्तन लावा, शब्द स्वच्छ कळतो का बघा. मग मृदंग किंवा तबला असलेला अभंग लावा. बायाचा घुमारा आणि टाळाची किणकिण दोन्ही वेगळी ऐकू आली पाहिजेत. नंतर ‘सैराट’मधलं एखादं गाणं. त्यातल्या व्हायोलिनचा ताफा अजय-अतुल यांनी अमेरिकेत हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलाय. स्पीकर बरा असेल तर गायकाच्या मागे तो पसरलेला ऐकू येतो, नसेल तर नुसता कालवा होतो. शेवटी आवाज पाऊण करा. फाटायला किंवा डबा थरथरायला लागला तर सोडून द्या.

घरी ठेवायचे कुठे?

चांगला स्पीकर चुकीच्या जागी ठेवला तर पैसे वाया. दोन्ही स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा. दोन डब्यांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर तुमच्यापासून असावं. दोन डबे जोडणारी वायर तेवढी लांब आहे ना, हे आधी बघा. कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवला की बेस फुगतो आणि बोलणं दबतं, म्हणून मागे निदान वीतभर जागा सोडा. लोखंडी कपाटावर ठेवू नका, कपाटच वाजायला लागतं. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवले तरी थरथर कमी होते.

पत्र्याच्या किंवा नुसत्या प्लास्टर-फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. खिडकीला जाड पडदा, खाली सतरंजी, समोरच्या भिंतीकडे गोधड्यांची चवड, एवढ्यानेही फरक पडतो. डब्याला हवेचं भोक असेल तर त्यात झुरळं जातात आणि वायरी उंदीर कुरतडतात, तिकडेही लक्ष असू द्या.

पावती आणि शेजारी

पक्कं जीएसटी बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. ‘बिल नको, तीनशे कमी करतो’ याला होकार दिला की चार महिन्यांनी मशीन जळाल्यावर भांडायला हातात काही राहत नाही. बिल असताना दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. ऑनलाईन घेतलं तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत आधी वाचा.

आणि आवाजाला कायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारी कुणाचं पोर दहावीला असतं, कुणाच्या घरी आजारी माणूस असतं. चांगल्या स्पीकरची खरी ओळख अशी की तो हळू आवाजातही स्वच्छ ऐकू येतो. घरातल्या आजीला ‘आवाज वाढव’ म्हणायची वेळ आली नाही, म्हणजे तुमचे पैसे वसूल झाले.