ताम्रपत्र्यावरचा गोवा

कमरेची लंगोटी बरोबर, पण दंड आणि पोटऱ्या थेट रोमन पुतळ्याच्या! यान हाउखेन व्हान लिन्सखोटेनच्या 'इतिनेरारिओ'मधला गोव्याचा शेतकरी असा दिसतो. हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून पाचेक वर्षं राहिला. ग्रंथ अॅम्स्टरडॅमला १५९६ मध्ये निघाला. त्याची मूळ रेखाटनं आज उरलेली नाहीत. उरले ते डुटेकम घराण्यातल्या योहानेस आणि बाप्टिस्टा यांच्या ताम्रपत्र्यांचे ठसे.

हे कारागीर पत्रा बहुतेक आम्लाने खायला लावत, तरी रेघ कोरणीने ओढल्यासारखी सुबक येई. खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून यंत्रात दाबायचा. या कामात रंगाला जागाच नाही. सावळी कातडी दाखवायची तर बारीक रेघांची जाळी, आणि सावली दाखवायची तरी तीच जाळी. त्यामुळे सावळा माणूस कुठे आणि नुसती सावली कुठे, हे पाहणाऱ्याने ओळखायचं. पोशाखात मात्र त्यांनी कसूर केली नाही. घाटमाथ्यावरचा, म्हणजे 'बाळाघाट'चा शिपाईही त्यांच्या पानांवर उभा आहे, शेजारी नाचगाण्यावर पोट भरणारी बाई.

सगळ्यात बिघडलं ते देवाचं चित्र. शिंगं, सुळे, पोटावर दुसरं तोंड! यातलं बरंचसं लिन्सखोटेनच्याच वर्णनात आहे, पण हा राक्षस युरोपला नवा नव्हता. वार्थेमाच्या प्रवासवर्णनाच्या १५१५ च्या आउग्सबुर्ग आवृत्तीत यॉर्ग ब्रॉयने कालिकतचा देव सैतानासारखाच काढला होता. मला वाटतं, लिन्सखोटेनने गोव्यात मूर्ती पाहिली ती हाच सैतान डोळ्यांपुढे ठेवून.

पुढे फ्रांकफुर्टच्या द ब्री बंधूंनी दोन-तीन वर्षांतच ही चित्रं आपल्या मालिकेत घेतली. छापील चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं की ठसा उलटा येतो, उजव्या हातातली वस्तू डाव्यात जाते. असल्या नकलांवरच युरोपने हिंदुस्थान पाहिला.

त्याआधी, सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, बहुधा एका हिंदी चित्रकाराने पोर्तुगीजांसाठी अशाच विषयांवर ७६ रंगीत चित्रं काढली होती. त्यात अंगाला रंग आहे, पुतळ्यांचे स्नायू नाहीत. ती त्या काळी छापली गेली नाहीत. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात हे बाड '१८८९' या नावाने ओळखलं जातं; ते साल नव्हे, नोंदीचा क्रमांक आहे.