७२ मिनिटांची रात्र

ढगांची चित्रं टिपणारा आपला इन्सॅट-३डीआर हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर असतो. रेखांश साताऱ्याचाच, पण जागा विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटरवर. एवढ्या उंचीवरून वर्षातले बहुतेक दिवस सूर्य मावळतच नाही. मात्र २० मार्चच्या सुमाराला रोज रात्री बारानंतर हा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि ७२ मिनिटांनी बाहेर येतो. गंमत म्हणजे, हे गणित शाळेतल्या भूमितीने सुटतं.

पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. जूनमध्ये सूर्य २३.४ अंश उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेकडे झुकते. पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर फिरणारा उपग्रह मध्यरात्री सावलीच्या मध्यरेषेपासून जवळजवळ १६,७०० किलोमीटर उत्तरेकडून निघून जातो. सावलीची त्रिज्या जेमतेम पृथ्वीएवढी, ६,३७८ किलोमीटर. गाठ पडणार कुठून?

सूर्य विषुववृत्ताकडे सरकतो, तसं हे अंतर घटत जातं. सूर्य ८.७ अंशांच्या आत आला की अंतर ६,३७८ किलोमीटरपेक्षा कमी होतं आणि ग्रहणं सुरू होतात. त्या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो, ८.७ भागिले ०.४, म्हणजे संपाताच्या (सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवसाच्या) अलीकडे २२ आणि पलीकडे २२ दिवस. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा दुसरा आठवडा, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, असे वर्षातून दोन हंगाम.

आता मिनिटं. सावलीची रुंदी १२,७५६ किलोमीटर, उपग्रहाचा वेग सेकंदाला ३.०७ किलोमीटर. भागाकार केला की ६९ मिनिटं येतात. उरलेली मिनिटं सूर्याच्या आकाराची: त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे ते पूर्ण झाकायला दोन मिनिटं आणि सुटायला दोन मिनिटं लागतात. या अर्धवट सावलीची, म्हणजे उपच्छायेची, बाहेरची कड दोन्ही टोकांना धरली की बेरीज ७२ च्या घरात जाते.

तेवढा वेळ सौर पट्ट्यांतून वीज मिळत नाही, सारा भार बॅटरीवर. म्हणून कर्नाटकातल्या हासनच्या उपग्रह नियंत्रण केंद्राला ही वेळ आधीच ठाऊक असावी लागते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं प्रकरण मात्र हट्टी. ते ४०० किलोमीटरवर, दर ९३ मिनिटांनी एक फेरी मारतं आणि बहुतेक फेऱ्यांत ३५ मिनिटांच्या आसपास सावलीत असतं. तिथे विरळ का होईना, हवा आहे. सूर्य खवळला की ती फुगते, स्थानकाला जास्त अडवते आणि महिन्याभरापूर्वी काढलेली वेळ चुकते. सावली कुठे असेल याबद्दल शंका नसतेच. स्थानक तिथे नेमकं कधी पोहोचेल, ते पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. संध्याकाळी ते आभाळात सरकताना मध्येच तांबूस होऊन विझतं, तो क्षण गाठायचा असेल तर वेळ त्याच दिवशीची ताजी पाहावी.