तानपुऱ्यामागची कुईं

सकाळी ७:३०. सिल्क बोर्ड चौक तुंबायच्या आत माझ्या कार-ऑडिओच्या दुकानाचं शटर उघडतो. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटात बारीक आवाज ऐकायचा तर हाच तास. पुण्याचे एक काका मुलाची गाडी घेऊन दारात उभे. "भीमसेनजी लावले की मागं कुईं वाजतं हो." मी निपाणीचा, म्हटलं, "बसा काका, ऐकू या."

तानपुरा लावला. इंजिन बंद असताना स्वच्छ. स्टार्टर मारला आणि षड्जाला चिकटून एक शिट्टी उठली. ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढे. म्हणजे मूळ अल्टरनेटरच्या चार्जिंगमध्ये, पण ती गाण्यात शिरते कुठून?

८:१५. व्हॉल्यूम शून्यावर आणला, तरी शिट्टी तेवढीच. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यात शिरते. डिक्कीतल्या ॲम्पच्या आरसीए, म्हणजे सिग्नलच्या वायरी, काढून तिथं शॉर्टिंग प्लग लावले. गप्प! ॲम्प निर्दोष. मग सीटांवरून तात्पुरती नवी आरसीए टाकली, पॉवरच्या वायरीपासून लांब. शिट्टी परत आली. आता संशय एकच, अर्थ, म्हणजे बॉडीला दिलेली मायनसची जोडणी.

बॅटरीचं मायनस आणि ॲम्पचा अर्थ यांच्यात मल्टिमीटर धरला. गाणं मोठं केलं, तर ०.४ व्होल्ट. दोन्ही टोकं एकाच बॉडीवर, तिथं एवढा फरक पडायला नको. डॅशबोर्डातल्या हेड युनिटचा अर्थ एका पातळीवर, ॲम्पचा दुसऱ्या. हा फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि स्पीकरमधून वाजतो.

९:००. डिक्कीचं अस्तर उचललं आणि राग आला. आधी कुणीतरी अर्थ सीटबेल्टच्या बोल्टाला दिला होता, रंगावरच. तो बोल्ट माणूस वाचवण्यासाठी असतो, वायरीसाठी नव्हे. बोल्ट सोडवून नीट आवळला. शेजारी बॉडीच्या पत्र्यावर वेगळी जागा निवडली, खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही हे आधी पाहिलं. पॉलिश पेपरनं रंग घासला, पत्रा चमकू लागला. नवं थिंबल, दातेरी वॉशर, वायर हातभरच. वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस. मीटरवर ०.०२.

काकांनी विचारलं, "एवढी खटपट? फिल्टर लावता आला असता ना?" आला असता. पण असा फिल्टर म्हणजे आयसोलेटर, त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्यात तबल्याचा डग्गा बारीक होतो. चूक झाकण्यासाठी गाणं कापायचं, हे मला जमत नाही.

दुपारी १:००. चित्रान्न खाता खाता दुसरी गाडी. एफएमवर १०२.९, विविध भारती, त्यात खरखर. डॅशकॅमचा चार्जर काढला, खरखर गेली. बारा व्होल्टचे पाच करताना असे स्वस्त चार्जर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, आणि त्यांची वायर अँटेनाच्या वायरीलगत नेली होती. चार्जर बदलला, वायर दुसऱ्या बाजूनं फिरवली.

३:०० ते ६:००. दोन वूफर, एक दाराची थरथर. दाराच्या आत सुटलेली क्लिप होती.

६:३०. काका परत आले. अगरा तलावाच्या बाजूला एक फेरी मारली; सिग्नलला गाडी थांबली, काचा वर, इंजिन चालू. तानपुरा सुरू झाला. काकांनी डोळे मिटले. सिग्नल हिरवा झाला, मी हळूच ॲक्सिलरेटर दाबला. तानपुरा होता तसाच.