उपचार सीमेपलीकडे, खर्च कोणाचा?

"डॉक्टर, पेशंटला बांबोळीला नेऊ ना?" सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा प्रश्न नवा नाही. डोक्याला जबर मार लागला किंवा हृदयविकाराचा झटका आला की आमच्याकडची माणसे आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठण्याऐवजी गोव्याचा रस्ता धरतात. त्यात गैर काही नाही. अशा वेळी मिनिटामिनिटाला मोल असते. पण या उपचाराचा खर्च कोणी करायचा?

सरकारी रुग्णालयात 'फुकट' असे काहीच नसते, हे आधी लक्षात घ्यावे. औषधे, प्राणवायू, परिचारिकांचे पगार यांचे पैसे कोणीतरी भरतच असते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा भार गोव्याची तिजोरी उचलते. बाहेरचे रुग्ण वाढले की खाटा आणि पैसा दोन्ही अपुरे पडतात. म्हणूनच जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले. त्यावर सिंधुदुर्गात नाराजी उमटली, दोडामार्गला आंदोलनही झाले.

मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा भार कायम का वाहावा? आणि काजूच्या बागेत राबणाऱ्या आमच्या मजुराने शस्त्रक्रियेपूर्वी पैसे कोठून आणावेत? जुळवाजुळवीत दिवस जातात आणि दुखणे बळावते. म्हणून हा हिशेब रुग्णालयाच्या खिडकीवर नव्हे, तर दोन सरकारांमध्ये व्हायला हवा. रुग्ण जिथे जाईल तिथे त्याच्या राज्याने पैसे पोचवावेत.

अशी एक सोय आज आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात घेता येतात. परराज्यातले बिल रुग्णाच्या मूळ राज्याची योजना भागवते. मात्र बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी यात येत नाही. शिवाय केवळ महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले योजनेत बसणाऱ्या कुटुंबाला परराज्यात ही सोय आपोआप मिळत नाही. त्यासाठी दोन राज्यांत स्वतंत्र करारच हवा.

वाचकांनी पुढील गोष्टी कराव्यात:

१) आजारपणाची वाट न पाहता आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. ते आधार कार्ड व शिधापत्रिकेसोबत ठेवावे.

२) आधी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर ती योजनेत बसते का हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील योजनेच्या कक्षात विचारावे. मंजुरी आधी लागते.

३) आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट व चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. तपासण्या पुन्हा करण्याचा खर्च वाचतो.

४) तातडीच्या वेळी कागद शोधत बसू नये. १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे. जीव वाचवण्याचे उपचार कागदपत्रांसाठी अडवू नयेत, हे डॉक्टरांचे कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

आणखी एक. मते मागायला येणाऱ्यांना आपण रस्ता आणि पाणी यांबद्दल विचारतो. आता हेही विचारावे, की सीमेपलीकडे उपचार घेणाऱ्या आपल्या माणसाचे बिल आपले राज्य भरणार की नाही?